फाट्यावरचा पडदा

दर्यापूरहून अकोल्याकडे जाताना निंभारखेडचा फाटा लागतो. गाव तिथून तीन किलोमीटर आत. मैनाबाईचं भाजीचं दुकान या फाट्यावर, जानराव पाटलांच्या वावराच्या कोपऱ्यात. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर टिनं आणि मागे टिनाचीच एक लहानशी खोली. रात्री वजनकाटा आणि उरलेला माल त्या खोलीत ठेवायचा. पावसाळ्यात, हिवाळ्यात घरच्या मळ्यातली वांगी, भेदरं म्हणजे टोमॅटो, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक. उन्हाळा लागला की विहिरीचं पाणी खारं व्हायचं, मग दर्यापूरच्या बाजारातून माल आणायचा. नवरा केशवराव मळा पाहायचे आणि मैनाबाई दुकान. पंचवीस वर्षं असंच चाललं होतं, आणि पुढेही असंच चाललं असतं. पण मध्येच ही पार्सलं आली.

पार्सलं घेऊन येणारी करिश्मा. दर्यापूरची, तिशीच्या आतली, पदरात एक शाळेत जाणारी पोरगी. आधी ती दर्यापुरातल्या एका कापडाच्या दुकानात लेडीज काउंटरला होती. गिऱ्हाईक कमी होत गेलं तसं मालकाने ते काउंटर बंद केलं आणि तिथे मोबाइलची कव्हरं विकायला ठेवली. करिश्माने घरी बसण्यापेक्षा स्कुटी काढली आणि कुरिअरचं काम धरलं. “मावशी, जे लोक माह्या दुकानात येनं बंद झाले ना, त्यायच्याच घरी मी आता कपडे नेऊन देतो,” असं ती हसत सांगायची. रोज चाळीस-पन्नास पार्सलं आणि आठ-दहा गावं. निंभारखेडचा रस्ता पावसाळ्यात काळ्या चिखलाचा आणि उन्हाळ्यात गिट्टीचा. एकदा त्या चिखलात तिची स्कुटी रुतली, ती केशवरावांनी बैलजोडी लावून काढली. त्या दिवसापासून करिश्मा गावात जाईना. फाट्यावर थांबून फोन लावायची. कोणी आलं तर ठीक, नाही तर पार्सल मैनाबाईच्या खोलीत ठेवून जायची.

हळूहळू गावातल्या पोरी पत्त्यातच लिहू लागल्या, ‘मैनाबाई भाजीवाली, निंभारखेड फाटा.’ नाहीतरी गावात फोनवर बोलणं व्हायचं, पण नेट धड चालत नव्हतं. फाट्यावर चांगलं चालायचं. पोरी, सुना सांभार-मिरच्या घ्यायच्या निमित्ताने यायच्या, पिंपळाखाली बसून फोनवर कपडे पाहायच्या, तिथूनच मागवायच्या आणि आठवड्याने तिथूनच न्यायच्या. मैनाबाईला याचं मोठं नवल वाटे. तिच्या काळात वर्षातून दोनदा कपडा घ्यायचा, पोळ्याला आणि दिवाळीला, शिवाय घरात लग्न असलं तर. तोही दर्यापूरला जाऊन. गादीवर नवरा बसणार, पसंत तो करणार आणि बाईने पदर तोंडाशी धरून मान हलवायची. आता पोट्ट्या एका दुपारी शंभर कपडे पाहत आणि एकही न घेता उठून जात. घेतले तर त्यातले निम्मे परत करत.

“परत कायले करता वं? मांगवलं काहून मंग?” मैनाबाईने एकदा विचारलं.

“मावशी, फोटोत वेगळं दिसते, आंगावर वेगळं दिसते,” दामिनी म्हणाली.

ही दामिनी म्हणजे जानराव पाटलांची सून. सहा वर्षांपूर्वी अमरावतीहून लग्न होऊन आलेली, बी.कॉम. झालेली, बोलायला मोकळी. पडद्याची सुरुवात तिच्यापासूनच झाली. तिने एक कुर्ती मागवली होती, गडद हिरवी. घरी नेऊन घालून पाहिली आणि आखूड निघाली तर सासरा बघणार, “हे काय घातलं?” म्हणणार आणि परत करायच्या आधीच त्यावर चर्चा होणार. म्हणून ती म्हणाली, “मावशी, तुमच्या खोलीत घालून पाहू का?”

“पाह्य नं. वांग्याच्या पोत्यावर पाय नको देजो.”

कुर्ती दंडात घट्ट होती. दामिनीने तिथेच फोनवर परतीचं बटन दाबलं, पार्सल पुन्हा बांधलं आणि करिश्मासाठी ठेवून गेली. घरी कोणाला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, चौथ्या दिवशी पाच. खोलीला दार होतं, पण ते लावलं की आत अंधार होई. म्हणून मैनाबाईने दार उघडं ठेवून त्यावर जुन्या चादरीचा पडदा लावला. करिश्माने तिच्या जुन्या दुकानातला, अडगळीत पडलेला उभा आरसा मालकाला मागून आणला आणि स्कुटीवर पुढे उभा धरून, कसरत करत फाट्यावर पोचवला. झालं. भाजीच्या दुकानामागे कपडे घालून पाहायची खोली तयार झाली. कोणी ठरवून केली असं नव्हतं.

मैनाबाईला कपड्यांतलं काही कळत नव्हतं, पण डोळा पक्का होता. बाई पडद्याबाहेर आली की ती भाजी निवडता निवडता वर पाहायची आणि जे दिसेल ते बोलायची. “मागून झोल पडून राहिला.” “रंग तुले मारते बाई, परत कर.” “हे जमलं. ठेव.” बायकांना तिचं हे तोडून बोलणं आवडायचं, कारण दुकानातला माणूस कधी असं बोलत नाही, त्याला विकायचं असतं. मैनाबाईला वांगी सोडून काही विकायचं नव्हतं. दोन-चार महिन्यांत तिला एल, एक्सएल, डबल एक्सएल हे सगळं कळू लागलं. कोणत्या घरची सून कोणता नंबर घालते हेही. पण ते तिने कधी कोणाजवळ बोलून दाखवलं नाही.

कार्तिकातली गोष्ट. दामिनी एका दुपारी आली ती फोन न काढता बसली. बराच वेळ तिने पालकाची जुडी उलटसुलट केली.

“मावशी, एक पार्सल येईन. ते कोनालेच देऊ नका. मी सोता येईन.”

“तुहं हाय ना?”

“आईचं हाय.”

सत्यभामाबाई, जानरावांची बायको. मैनाबाईहून दोन-तीन वर्षांनी मोठी. दोन वर्षांपूर्वी तिचं अमरावतीला ऑपरेशन झालं होतं. गावात सगळे नुसतं ‘ऑपरेशन’ म्हणत. कशाचं ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच म्हणत नव्हतं. उजवी छाती काढून टाकली होती. नंतर औषधांनी केस गेले, ते पुन्हा आले. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. जानरावांनी खर्चात कुठे हात आखडला नाही, नागपूरलाही दाखवून आणलं. पण तेव्हापासून सत्यभामाबाईचं घराबाहेर पडणं कमी होत गेलं आणि पुढे बंदच झालं. वैशाखाच्या उन्हातही अंगावर शाल. हळदीकुंकवाला बोलावणं आलं तर “बरं नाई वाटून राहिलं.” स्वतःच्या बहिणीच्या नातीच्या बारशालाही गेली नाही.

“थकवा असन,” मैनाबाई म्हणाली.

“नाई मावशी. ब्लाऊज एका बाजूनं लोंबते त्यायचा. रुमालाची घडी ठेवतात तिथं. मागच्या वर्षी नव्या घराच्या वास्तुकाले गेल्या तर वाकताना ते घडी खाली पडली. चार बायकांनी पाह्यली. तवापासून नाई जात कुठंच.” दामिनी खाली पाहत बोलत होती. “फोनवर मले सापडलं. तसं असलेल्या बायांसाठी वेगळी ब्रा येते. आतून खिसा असते, त्यात गादीसारखं ठेवता येते. आईले दाखवलं तर त्या तोंड फिरवून बसल्या. मंग दुसऱ्या दिवशी खुद म्हणे, मांगव.”

“दुकानात नसते भेटत?”

“अमरावतीले भेटत असन. कोनाले मांगाव? काउंटरवर बाप्या मानूस.”

पार्सल आठव्या दिवशी आलं. करिश्माने ते वेगळं काढून दिलं. पाकिटावरचं तिने वाचलं होतं. दामिनीने सासूला दुपारी तूर पाहायला म्हणून वावरात आणलं. सत्यभामाबाई धुऱ्यावरून, बांधाबांधाने चालत आली, शाल घट्ट धरून. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती गिऱ्हाइकं जाईपर्यंत सत्यभामाबाई तुरीच्या कडेला उभी राहिली.

“या वहिनी,” मैनाबाई म्हणाली.

“गोबी कशी हाय?” सत्यभामाबाईने विचारलं.

“गोबी चांगली हाय. आत जा आधी.”

ती आत गेली. बराच वेळ झाला तरी पडदा हलेना. मग आतून आवाज आला, “मैना, जरा ये.”

मैनाबाई आत गेली. सत्यभामाबाई पाठमोरी उभी होती आणि तिचा उजवा हात अर्ध्यावर थांबला होता. ऑपरेशननंतर तो हात मागे जातच नव्हता, आणि हूक तर मागे होते. मैनाबाईने हूक लावून दिले. पण पट्टा सैल, खिसा मोठा, गादी त्यात हलत होती. दामिनीने जुन्या ब्लाऊजवरून माप दिलं होतं. त्या ब्लाऊजच्या वेळची सत्यभामाबाई आणि आताची यांत बारा किलोचा फरक होता.

सत्यभामाबाईने आरशात पाहिलं आणि लगेच मान फिरवली. “काढ बाई हे. रुमालच बरा.”

मैनाबाईने एकवार तो व्रण पाहिला. आडवा, काखेपर्यंत गेलेला, कडांना अजून लालसर. ती चाळीस वर्षं या बाईला ओळखत होती, आणि हे आज पाहत होती. ती म्हणाली, “दुखते काय अजून?”

“गार हवेत ताण पडते.”

“हे परत करून देऊ, दुसरं मांगवू.”

बाहेर दामिनीने फोन पाहिला. आतले कपडे परत घेतले जात नव्हते. सत्यभामाबाई शाल पांघरत म्हणाली, “जाऊ दे. झालं तेवढं पुरे.”

“पुरे कसं?” मैनाबाई म्हणाली. “माप कोनी घेतलंच नाई बरोबर. थांबा.” जुड्या बांधायची सुतळी तिच्या हाताशी होती. ती घेऊन ती पुन्हा आत गेली. छातीभोवती एकदा, खालून एकदा, आणि चांगल्या बाजूचं वरून खालून, असं मोजून तिने प्रत्येक मापाला गाठ मारली. दुसऱ्या दिवशी करिश्मा आली तेव्हा तिने डिक्कीतून टेप काढली, सुतळी त्यावर लावली, आकडे दामिनीला फोनवर सांगितले आणि वर म्हणाली, “पुढून हूक असलेलं पाह्य. आनि आतली गादी वजनाची नको, कापसाची घे, त्यायच्या हातावर ताण येनार नाई.” जुन्या काउंटरवर सात-आठ वर्षं बायकांची मापं घेतली होती तिने. पण असं गिऱ्हाईक तिच्याकडे एकही आलं नव्हतं. आलं असतं तर त्या दुकानातलं काय काढून दिलं असतं हेही तिला सांगता येत नव्हतं.

दुसरी ऑर्डर गेली आणि नेमकं त्याच आठवड्यात जानरावांच्या कानावर पडद्याची गोष्ट गेली.

ते कापूस घेऊन दर्यापूरच्या जिनात गेले होते. तिथे खुशालराव नावाचा त्यांचा लांबचा मामेभाऊ भेटला. चार लोकांत तो म्हणाला, “काय पाटील, तुमच्या वावरात कपडे बदलाची खोली निघाली म्हनते? चांगला धंदा हाय.” लोक हसले. जानराव हसले नाहीत. परत येताना ट्रॅक्टर फाट्यावर थांबवून ते उतरले.

जानराव त्रेसष्ट वर्षांचे, उंच, धोतर सोडून पायजम्यावर आलेले. आवाज मोठा, पण उगाच कोणाला बोलायचे नाहीत. त्यांनी पडदा पाहिला, तो बाजूला करून आरसा पाहिला.

“मैनाबाई, हे काय लावलं वं तुवा?”

“पोरी कपडे घालून पायतात पाटील. बसलं नाई तर परत करतात.”

“घरं नाईत त्यायले? रोडावर गाड्या जाऊन राहिल्या, ट्रकवाले थांबतात, आन् गावच्या लेकीसुना इथं कपडे उतरवतात. उद्या काई झालं तर नाव कोनाचं येईन? जागा माही हाय.”

“दार हाय, पडदा हाय. मी बसून असतो बाहेर.”

“मले नाई पाह्यजे. तुह्या सासऱ्याले माह्या बापानं भाजी इकाले जागा देल्ली. भाजी इक. पडदा काढ.”

मैनाबाईच्या जिभेवर आलं होतं, की तुमच्या घरची बाई परवा इथं उभी होती, आणि का होती ते विचारा. तिने ते गिळलं. तो शब्द तिचा नव्हता, ज्याचा त्याने सांगायचा होता. तिने पडदा काढला, घडी केली आणि आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. जानराव पाहत उभे होते. जाताना त्यांनी किलोभर वांगी घेतली, रागातही पैसे मोजून दिले.

पुढचे दहा-बारा दिवस पोरी आल्या आणि बिनघालता पार्सलं घेऊन गेल्या. दामिनीला मैनाबाईने सांगितलं तेव्हा ती चिडली. “मी बोलते बाबांशी.” मैनाबाई म्हणाली, “तू नको बोलू. तू बोलली की मग ते कारन पुसतीन.”

दुसरं पार्सल मंगळवारी आलं. मैनाबाईने गावात निरोप धाडला तो साधा, ‘पाटलीणबाईंची गोबी ठेवली आहे.’ दुपारी सत्यभामाबाई एकटीच आली. यावेळी दामिनी बरोबर नव्हती, तिला माहेरी अमरावतीला जावं लागलं होतं.

“पडदा कुठं गेला?” तिने आल्या आल्या विचारलं.

मैनाबाईने झालं ते सांगितलं. लपवलं काहीच नाही, वाढवलंही नाही. “तुमी घरी घेऊन जा वहिनी. हूक पुढून हाय यावेळी, एकट्यानं जमन.”

सत्यभामाबाई पार्सल हातात धरून उभी राहिली. “घरी आरसा हॉलमध्ये हाय,” ती म्हणाली. मग म्हणाली, “लाव पडदा. त्यायले काय सांगाचं ते मी सांगतो.”

मैनाबाईने खिळ्याला चादर अडकवली, आरसा फिरवून दिला आणि बाहेर येऊन काट्याजवळ बसली. आतून कागद फाटल्याचा आवाज आला. मग सत्यभामाबाईचा आवाज, “हे बसलं.” पुन्हा थोड्या वेळाने, “ब्लाऊज घालून पायतो. आत येऊ नको.”

तेवढ्यात मोटारसायकल आली. जानराव तुरीवर फवारायला माणूस आला का ते बघायला आले होते. त्यांची नजर सरळ पडद्यावर गेली. त्यांनी गाडी स्टँडवर लावली नाही, तशीच बल्लीला टेकवली.

“म्या काय सांगतलं होतं मैनाबाई? माह्या बोलन्याले काई मोलच नाई?”

“पाटील, जरा दमानं—”

“दम कायचा? कोन हाय आत? कोनाची हाय?”

मैनाबाई उठून पडद्यासमोर उभी राहिली. पंचवीस वर्षांत ती या माणसापुढे अशी कधी उभी राहिली नव्हती. “तुमी पलीकडे व्हा आधी,” ती म्हणाली. “बाई हाय आत.”

“बाई हाय हे मलेबी समजते. कोन बाई?”

“मी हाव,” पडद्याआडून आवाज आला.

जानराव थांबले. पडदा सरकला आणि सत्यभामाबाई बाहेर आली. अंगावर मोरपंखी पातळ आणि शाल नाही. शाल तिच्या हातात होती. पदर नीट खांद्यावर होता आणि दोन्ही बाजू सारख्या होत्या. जानरावांना काय बदललं ते लगेच कळलं नाही. मग कळलं आणि त्यांनी नजर बाजूला घेतली.

“तू इथं काय करून राहिली?”

“कपडा घालून पाहून राहिली होती. दामिनीनं मांगवला माह्यासाठी. ऑपरेशन झालेल्या बायांचा असते, थो.”

फाट्यावरून एक एस.टी. गेली, धूळ उडाली. मैनाबाईला वाटलं आपण इथून निघून जावं, पण दुकान तिचंच होतं, जाणार कुठे. ती मिरच्या निवडू लागली.

“मले सांगतलं नाई,” जानराव म्हणाले.

“दोन वर्षं झाले. बहिनीच्या नातीचं बारसं झालं, वास्तुक झाले, लग्नं झाले. मी नाई म्हनो आन् तुमी एकटेच जा. एकदाबी पुसलं नाई का बाई तू काहून येत नाई.”

“मले वाटलं तुले थकवा येते. डॉक्टरनं सांगतलं होतं आराम पाह्यजे.”

“थकवा सहा महिन्यात गेला. घालाले काई नव्हतं मले.”

जानराव म्हणाले, “सांगतलं असतं तर म्या आनलं असतं अमरावतीवरून.”

“काय मांगितलं असतं दुकानात जाऊन?”

जानराव गाडीजवळ गेले, गाडी सरळ केली, किक मारली आणि तसेच बसून राहिले. सत्यभामाबाईने शाल घडी करून पिशवीत टाकली. रिकामं पाकीट मैनाबाईकडे दिलं, “जाळून टाकजो,” म्हणाली, आणि नवऱ्याच्या मागे गाडीवर बसली. किती तरी दिवसांनी ती अशी मोकळ्या अंगाने त्या गाडीवर बसली असेल. गाडी गावाकडे वळली. पडद्याबद्दल जानराव एक शब्दही बोलले नव्हते. म्हणून मैनाबाईने तो तसाच राहू दिला.

पण रात्रभर तिला झोप नव्हती. पाटील शांत झाले म्हणजे राजी झाले असं थोडंच असतं. जागा उठवली तर काय करायचं, याचा तिने केशवरावांशी विचारही केला. रस्त्यापलीकडे वनखात्याच्या हद्दीजवळ टपरी टाकता येईल का, कोणाला भेटावं लागेल, असं दोघं बोलत राहिले.

नवव्या दिवशी जानराव आले. पायी. दुकानात दामिनीच्या वयाची एक सून भाव करत होती, ती जाईपर्यंत ते पिंपळाखाली उभे राहिले आणि पिंपळाच्या फांद्या पाहत राहिले, जणू त्या आजच फुटल्या होत्या. मग जवळ आले.

“मैनाबाई.”

“जी.”

“थे... त्या दिवशीचं. पार्सल.”

“हं.”

“तसलंच अजून एक मांगवा लागते. एकच हाय तिच्याजवळ. धुतलं की वाळेस्तोवर पंचाईत होते.” त्यांनी खिशातून एक कागद काढून दिला. दामिनी अजून माहेरीच होती. त्यावर नंबर आणि माप त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून आणलं होतं, मोठ्या मोठ्या अक्षरात. पाकीट जाळायला दिलं होतं, मग हे कुठून उतरवलं असं मैनाबाईच्या मनात आलं. मग ध्यानात आलं, कपड्यालाच चिठ्ठी शिवलेली असते. म्हणजे हा माणूस दोरीवरचा कपडा हातात घेऊन, चष्मा लावून वाचत बसला असेल.

“करिश्मा येईन दुपारी, तिले सांगतो,” ती म्हणाली.

“दोन सांग,” जानराव म्हणाले. जाता जाता थांबले. “त्या पडद्याले खालून वीट बांध. वारा आला की उडते.”

एवढंच.

माघात अकोल्याला सत्यभामाबाईच्या भाच्याचं लग्न होतं. ती गेली. दामिनीने नंतर सगळं सांगितलं. हळदीच्या दिवशी मांडवात चार तास बसल्यावर तिला आतून खाज सुटली, तेव्हा ती खोलीत जाऊन सगळं काढून पंख्याखाली बसली आणि म्हणाली, हे काम काही सोपं नाही. मग फोटोच्या वेळी पुन्हा घातलं. ज्या बायकांनी वास्तुकाला ती घडी पाहिली होती त्यांतल्या दोघी तिथे होत्या. त्यांनी नीट वर-खाली पाहिलं आणि ‘तब्येत सुधारली बाई तुमची,’ म्हणाल्या. सत्यभामाबाई त्यांना म्हणाली, “हो, पार्सलनं आनली.” त्यांना काही कळलं नाही.

उन्हाळ्यात गावचा रस्ता झाला, पक्का, सिमेंटचा. करिश्माची स्कुटी आता थेट दारापर्यंत जाते. पार्सलं घरोघरी उतरू लागली आणि फाट्यावरची गर्दी बरीच कमी झाली. मैनाबाईला आधी थोडं सुनं सुनं वाटलं, मग भाजीकडे लक्ष द्यायला वेळ मिळतो म्हणून बरंही वाटलं. खोली मात्र रिकामी झाली नाही. ज्यांना घरी दाखवायचं नसतं त्या अजून तोच पत्ता लिहितात. नवीन लग्न झालेल्या, पहिल्यांदा जीन्स मागवणाऱ्या, बाळंतपणानंतर कोणतंच माप जमत नसलेल्या.

जूनच्या सुरुवातीला, पेरणीच्या आधी, एक बाई दर्यापूरच्या जीपमधून फाट्यावर उतरली. ओळखीची नव्हती. पन्नाशीची असेल. उन्हाचा ताव मोठा होता आणि तिने अंगावर दोन पदरी ओढणी घेतली होती.

“मैनाबाई भाजीवाली तुमीच काय?”

“हाव.”

“भातकुलीकडून आली मी. सत्यभामाबाई आमच्या नात्यात लागतात. त्यायनं सांगतलं, तुमी माप घेता म्हनून.”

मैनाबाईने तिला माठातलं पाणी दिलं, खाटेवर बसवलं. मग फोन काढला आणि सत्यभामाबाईला लावला. “वहिनी, तुमची पाव्हनी आली.” तिकडून उत्तर आलं, “बसव तिले. मी येतो. घाबरत असन थे, माह्यासारखी.”

सत्यभामाबाई पाऊण तासात आली, नव्या रस्त्याने पायीच, डोक्यावर पदर घेऊन. येताना घरातली टेप घेऊन आली होती.